नाव विकत घ्यावे की तलवार?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: नागोया येथे नोकरीनिमित्त राहणारे एक मराठी अभियंता लिहितात की, जपानमध्ये आल्यापासून त्यांना जुन्या तलवारींची ओढ लागली असून पहिली तलवार घेण्यासाठी त्यांनी पाच लाख येन बाजूला ठेवले आहेत. सध्या एका ऑनलाइन लिलावात त्यांनी एक काताना, म्हणजे लांब जपानी तलवार, हेरली आहे. तिच्यावर नागासोने कोतेत्सू या प्रख्यात लोहाराची सही आहे आणि बोली साडेतीन लाख येनांच्या आसपास आहे. ती एका जुन्या घराण्याच्या कोठारातून निघाल्याचे विक्रेता सांगतो. सोबत सरकारी नोंदणीपत्र आहे, पण तज्ज्ञ संस्थेचे प्रमाणपत्र नाही, आणि माल परत घेतला जाणार नाही अशी अट आहे. त्यांच्या मते सरकारी नोंदणी असल्यामुळे तलवार खरी असणार, मुठीतल्या भागावरचा गंज तिचे वय सांगतो, आणि सही खोटी निघालीच तरी हाती एक पुरातन वस्तू उरेल. पत्नीला हा खर्च उतावळेपणाचा वाटतो. पुढच्या वर्षी पुण्याला परतताना ती तलवार सोबत न्यावी आणि दसऱ्याला तिची पूजा करावी अशी त्यांची इच्छा आहे. सही खरी की खोटी हे कसे ओळखावे, असे ते विचारतात.

उत्तर:

तुमच्या पत्रात तलवारीबद्दल पुष्कळ काही आहे, पण पात्याविषयी एकही वाक्य नाही. सही, नोंदणी, गंज, घराणे, किंमत या सगळ्यांचा विचार तुम्ही केला आहे; मात्र पाते किती वाकलेले आहे, टोक केवढे आहे, पोलादाचा पोत कसा दिसतो, धारेवरची रेषा कशी चालते, याचा उल्लेख नाही. जपानमध्ये तलवारी पारखण्याची जी रीत आहे ती नेमकी उलट क्रमाने चालते. तिथल्या पारख-बैठकांत, ज्यांना कानतेइ म्हणतात, तलवारीचा मुठीत जाणारा भाग, म्हणजे नाकागो, झाकून ठेवतात आणि जमलेले लोक केवळ उघडे पाते पाहून ते कोणत्या काळातले, कोणत्या परंपरेतले आणि कोणाच्या हातचे असावे हे चिठ्ठीवर लिहून देतात. सही त्यानंतर पाहिली जाते, आणि ती पात्याशी जुळते का एवढेच तपासायचे असते. तेव्हा सहीचा खरेखोटेपणा सहीवरून ओळखण्याचा मार्ग नवशिक्यासाठी जवळजवळ बंदच आहे, असे मी स्पष्ट सांगतो. छिन्नीचा एकेक फटका ओळखणारे लोक आहेत, पण त्यांनी त्या लोहाराची अनेक अस्सल कामे हाताळलेली असतात.

त्यातही तुमच्या वाट्याला नाव आले आहे ते कोतेत्सूचे. हा मूळचा चिलखते घडवणारा कारागीर उतारवयात एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, येऊन तलवारी घडवू लागला, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची कीर्ती एवढी झाली की त्याच्या नावाच्या खोट्या सह्या एदो काळातच (१६०३–१८६८) सर्रास कोरल्या जाऊ लागल्या. कोतेत्सू दिसली की ती खोटी समजावी, असे जपानी संग्राहक आजही म्हणतात. एदो काळाच्या अखेरच्या शिनसेनगुमी या लढवय्या पथकाचा प्रमुख कोंदो इसामी आपल्याजवळ कोतेत्सू असल्याचे अभिमानाने सांगत असे, आणि ती तरी अस्सल होती का याविषयी अभ्यासकांना शंकाच आहे. खोट्या सहीला तिथे गिमेइ म्हणतात. बाजारातल्या लबाडीखेरीज भेटवस्तू देण्याच्या प्रथेमुळेही ती वाढली, कारण सरदारांना आणि मातब्बरांना द्यायच्या भेटीवर मोठे नाव असणे प्रतिष्ठेचे होते. त्यामुळे सही दोनशे-तीनशे वर्षे जुनी असूनही खोटी असू शकते, आणि तुम्ही ज्या गंजावर भरवसा ठेवता तो त्या जुन्या खोट्या सहीवरही तितकाच गडद चढलेला असू शकतो.

गंजाला पारखीत मोल आहे, हे मात्र खरे. जुन्या नाकागोवरचा गंज काळपट तपकिरी, बसलेला आणि गुळगुळीत असतो. नारिंगी, भुरभुरीत गंज अलीकडचा किंवा मुद्दाम आणलेला असण्याची शक्यता असते. गंजाखाली कानशीच्या तिरप्या किंवा आडव्या खुणा दिसतात, आणि त्यांची दिशा घराण्यागणिक ठरलेली असते. म्हणूनच नाकागो कधीही घासू नये, पुसून चकचकीत करू नये. एकदा तो गंज गेला की पाते कोणी घडवले हे ठरवण्याचा मोठा पुरावा कायमचा जातो, आणि बाजारातली किंमतही त्याबरोबर जाते.

आता नोंदणीपत्राकडे वळतो, कारण तुमचा सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे आणि तो फार लोकांचा असतो. १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर ताबा घेतलेल्या सैन्याने जपानी लोकांकडून शस्त्रे जमा करायला सुरुवात केली, तेव्हा कलेच्या दृष्टीने मोलाच्या तलवारी वाचाव्यात म्हणून त्यांची वेगळी नोंद ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. आज ती १९५८ च्या बंदुका व तलवारींच्या कायद्याखाली चालते. प्रांताचे शिक्षण मंडळ जे तोरोकुशो, म्हणजे नोंदणीपत्र, देते त्यावर तलवारीचा प्रकार, लांबी, वाक, मुठीच्या खिळ्याच्या छिद्रांची संख्या आणि कोरलेला मजकूर एवढे लिहिलेले असते. ही तलवार पारंपरिक रीतीने घडवलेली असून ती बाळगणे कायदेशीर आहे, इतकेच ते पत्र सांगते. नाकागोवर ‘कोतेत्सू’ कोरलेले असेल तर नोंदणी करणारा अधिकारी ‘कोतेत्सू’ असेच उतरवून घेतो. ती सही खरी असल्याची हमी तो देत नाही. या पत्राविना तलवार मुळीच घेऊ नये, पत्रावरची लांबी आणि छिद्रे प्रत्यक्ष वस्तूशी पडताळून पाहावीत, आणि खरेदीनंतर २० दिवसांच्या आत मालकी बदलल्याचे त्या शिक्षण मंडळाला कळवावे. त्यापलीकडे त्या पत्रावर कसलाही भार टाकू नये.

अस्सलपणाची पारख हे दुसऱ्या संस्थांचे काम आहे. त्यांतली सर्वांत मान्यता असलेली निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे तलवार संग्रहालय टोकियोच्या र्‍योगोकु भागात आहे. तिच्या तपासणीला शिनसा म्हणतात, आणि प्रमाणपत्रांच्या चढत्या पायऱ्या होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो अशा आहेत. यांतल्या पहिल्या दोन पायऱ्या १९८२ पासूनच्या आहेत. त्यांच्या जागी आधी दिल्या जाणाऱ्या जुन्या प्रमाणपत्रांवर आजचे जाणकार विसंबत नाहीत आणि तशा तलवारी पुन्हा तपासायला देतात. प्रमाणपत्रावर नाकागोचे चित्र असते, त्यामुळे कागद आणि तलवार शेजारी ठेवून छिद्रे, कानशीच्या खुणा आणि गंजाचे डाग जुळतात का हे तुम्ही स्वतः पाहू शकता. असे पाहायलाच हवे, कारण एका तलवारीचा कागद दुसरीला जोडून विकण्याचा प्रकार घडतो.

विक्रेत्याच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. तो जपानमध्ये आहे, शिनसा त्याला सहज उपलब्ध आहे, आणि कोतेत्सूवर प्रमाणपत्र मिळाले तर त्याच तलवारीची किंमत सध्याच्या बोलीच्या कितीतरी पट होईल. असे असताना तो कागदाविना, परतीची वाट बंद करून, अनोळखी लोकांना ती विकतो आहे. तिची तपासणी होऊन ती नाकारली गेली असावी, किंवा नाकारली जाईल हे त्याला पुरते ठाऊक असावे, हाच त्याचा सरळ अर्थ लागतो. कोठारात दडलेले घबाड आपल्याच नजरेस पडले, असे वाटण्यात जो आनंद असतो तो मी समजू शकतो. पण त्या लिलावात तुमच्यासोबत जपानचे मुरलेले व्यापारीही बसलेले आहेत, आणि त्यांनी ती बोली साडेतीन लाखांवर थांबू दिली आहे.

तरीही त्या छायाचित्रांचा एक चांगला उपयोग आहे. त्यांवर अभ्यास करा. कोतेत्सूचा काळ कानबुन (१६६१–१६७३) या कालखंडाच्या आसपासचा, आणि त्या काळच्या कातानांचा वाक फारच कमी असतो, पाते टोकाकडे निमुळते होत जाते आणि टोक लहान असते. कामाकुरा काळच्या (११८५–१३३३) ताची, म्हणजे जुन्या धाटणीच्या लांब तलवारी, मुठीजवळ खोल वाकलेल्या असतात, चौदाव्या शतकातल्या तलवारी लांब, रुंद आणि मोठ्या टोकाच्या असतात. लिलावातल्या पात्याचा आकार कानबुनचा नसेल, तर सही वाचण्याआधीच निकाल लागला. आकारावरून सही खोटी ठरवता येते, खरी मात्र ठरवता येत नाही, कारण खोटी सही कोरणारेही त्याच काळचे, अनामिक पाते निवडत. त्यानंतर धारेवरची रेषा, म्हणजे हामोन पाहा. पात्यावर मातीचा लेप, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ, देऊन ते तापवतात आणि पाण्यात बुडवतात. धार झपाट्याने निवून कडक होते आणि धार व पाठ यांच्या सीमेवर ही रेषा उमटते. कोतेत्सूच्या उत्तरकालीन कामात ती जपमाळेतल्या मण्यांसारख्या एकसारख्या गोलाईंची असते. पण इथे नवशिके एका गोष्टीने हमखास फसतात. आधुनिक पॉलिशमध्ये कारागीर धारेकडचा भाग घासून पांढुरका करतो आणि छायाचित्रात दिसते ती बहुधा हीच पांढरी पट्टी. खरा हामोन पाते एका दिव्याकडे रोखून, तिरपे धरले की दिसतो, आणि त्यात पोलादाचे सूक्ष्म कण चमकतात. आम्लाने उमटवलेल्या नकली रेषेत ती चमक नसते. म्हणजे जे पाहणे सर्वांत गरजेचे, ते छायाचित्रात दिसतच नाही.

आणि दिसत नाही असे आणखीही काही असते. धारेला आडवी गेलेली केसासारखी चीर, जिला हागिरे म्हणतात, ती तलवारीतला सर्वांत गंभीर दोष मानली जाते आणि बहुतेक छायाचित्रांत ती निसटते. आगीत सापडून पाणी उतरलेल्या पात्याला पुन्हा पाणी दिलेले असू शकते. वारंवार पॉलिश होऊन वरचे चांगले पोलाद झिजलेले आणि आतले मऊ पोलाद वर आलेले असू शकते. म्हणून ‘सही खोटी निघाली तरी पुरातन वस्तू उरेल’ हे तुमचे गणित मला मान्य नाही. पुरातन वस्तू उरेल, पण ती दुखणेकरी असू शकते, आणि प्रशिक्षित कारागिराकडून पॉलिश, नवे लाकडी म्यान आणि पात्याच्या बुडाशी बसणारी धातूची हाबाकी हा सगळा खर्च साध्या तलवारीच्या किमतीहून सहज वर जातो. शिवाय मोठी खोटी सही असलेली तलवार शिनसात नापास होते, मग तिचे पाते कितीही सुरेख असो. काही मालक अशी सही काढून टाकून पाते निनावी म्हणून पुन्हा तपासायला देतात. हा निर्णय परत फिरवता येत नाही आणि पहिल्याच तलवारीवर तो घेण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

मग पाच लाख येनांचे काय करावे? माझ्या मते आधी काही महिने काहीच खरेदी न करता डोळा तयार करावा, आणि त्यासाठी तुमच्याहून भाग्यवान जागी फार थोडे लोक राहत असतील. नागोयातच तोकुगावा कला संग्रहालय आहे आणि आत्सुता मंदिराच्या तलवारींचे दालन आहे. उत्तरेला गिफु प्रांतात सेकी हे मिनो या तलवार घडवण्याच्या परंपरेचे गाव आहे, जिथे आजही लोहार काम करतात. ओकायामाकडे गेलात तर ओसाफुने येथे बिझेन परंपरेचे संग्रहालय आहे, आणि टोकियोत उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात मिकाझुकी मुनेचिका ही प्रख्यात तलवार प्रदर्शनात असेल तर तिच्यासाठी वेगळा दिवस राखावा. पाहताना गुडघे थोडे वाकवून दिव्याचे प्रतिबिंब धारेवरून सरकवत न्या. उभ्या उभ्या पाहिलेले पाते नुसते लोखंड दिसते. हळूहळू एखाद्या जुन्या, नाव राखून असलेल्या दुकानात जा, नवशिके आहात हे आधीच सांगा, आणि पाते हातात घेऊन पाहू द्याल का असे विचारा. धार वर ठेवून म्यानातून काढावे, पात्याला बोट लावू नये, त्याच्यावर तोंड करून बोलू नये, हे शिष्टाचार पाळणाऱ्याला चांगला दुकानदार आपणहून आणखी दोन तलवारी दाखवतो.

त्यानंतर घ्यायचीच झाली तर होझोन प्रमाणपत्र असलेली, निरोगी वाकिझाशी घ्या. काताना दोन शाकु, म्हणजे सुमारे ६०.६ सेंटिमीटर, किंवा त्याहून लांब असते आणि वाकिझाशी त्याहून आखूड. एदो काळात ती व्यापाऱ्यांनाही वापरता येत असे, त्यामुळे ती पुष्कळ उपलब्ध आहे आणि त्याच दर्जाच्या कातानापेक्षा बरीच स्वस्त मिळते. तुमच्या अंदाजपत्रकात मिनो परंपरेची, कदाचित निनावी पण स्पष्ट हामोनची वाकिझाशी बसू शकेल, आणि ती तुम्हाला खोट्या कोतेत्सूपेक्षा कितीतरी अधिक शिकवील. नव्या तलवारीचाही पर्याय आहे. परवानाधारक लोहार किमान पाच वर्षे उमेदवारी करून तयार होतात आणि महिन्याला दोनच लांब तलवारी घडवू शकतात, त्यामुळे किंमत मात्र तुमच्या अंदाजाबाहेर जाईल.

मला स्वतःला तुमच्यासाठी याहूनही पसंत असलेला एक मार्ग आहे, तो त्सुबाचा, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधल्या चकतीचा. तुम्ही राहता तो जुना ओवारी प्रांत लोखंडी, आरपार कोरीव त्सुबांसाठी नावाजलेला आहे. त्सुबा शस्त्र नाही, तिला नोंदणी लागत नाही, ती तळहातावर मावते, तिलाही त्याच संस्थेचे प्रमाणपत्र मिळते, आणि पुण्याला नेताना तिच्यापायी शस्त्र-परवान्याची चिंता उरत नाही.

ती चिंता तलवारीपायी मात्र खरीच आहे. जपानबाहेर नेण्यापूर्वी तिथल्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेकडून निर्यातीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि तोरोकुशो परत करावा लागतो. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो. नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार त्याच्या नियमांत शस्त्र म्हणून मोजली जाते, आणि शस्त्र देशात आणण्यासाठी त्या कायद्यात परवान्याची तरतूद आहे. तेव्हा पुण्याच्या पोलिस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला आणि सीमाशुल्क विभागाला खरेदीच्या आधी लेखी विचारा आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत थांबा. विमानतळावर जप्त झालेली तलवार जपानमध्येही पुन्हा सहज नोंदवता येणार नाही.

पूजेविषयी तुमची भावना मनापासून पटते, आणि म्हणूनच थोडे सविस्तर लिहितो. खंडेनवमीला आपण शस्त्रांना हळदकुंकू, फुले, अक्षता वाहतो. जपानी पॉलिश केलेल्या पात्यावर ओले हळदकुंकू किंवा फुलाचा ओलावा रात्रभर राहिला तर सकाळी तिथे गंजाचा ठिपका उठतो, आणि तो काढायला पुन्हा कारागीरच लागतो. म्यानाची पूजा करा, पाते आत राहू द्या. पुण्याच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी ते पाहून, मऊ कागदाने जुने तेल टिपून, नव्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. रोजचे वास्तव्य साध्या लाकडी म्यानात, धार वर आणि आडवे. भिंतीवर टांगायचा मोह टाळलेला बरा.

याच निमित्ताने महाराष्ट्रातल्या अशा काही घरांसाठी लिहितो, जिथे आजोबांनी युद्धातून आणलेली जपानी तलवार असू शकते. ब्रह्मदेशाच्या मोहिमेनंतर अनेक जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी भारतीय पलटणींसमोर ठेवल्या, आणि १९४६-४७ मध्ये जपानमध्ये असलेल्या २६८ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. अशी तलवार असेल तर प्रथम तिच्या परवान्याची स्थिती वकिलाकडून समजून घ्यावी. पात्यावर क्रमांक ठोकलेला असेल आणि मूठ धातूची असेल तर ती बहुधा १९३५ च्या नमुन्याची, कारखान्यात तयार झालेली सैनिकी तलवार आहे; तिला जपानमध्ये नोंदणी मिळत नाही, तेव्हा ती पारखीसाठी तिकडे पाठवू नये. पण अधिकाऱ्याच्या सैनिकी मुठीत कधीकधी घराण्यातले शेकडो वर्षांचे पाते बसवलेले असते. तसे असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो, आणि ते देशाबाहेर नेणे हा वेगळाच विषय बनतो. चिंच, राख किंवा पॉलिश पेपर यांपैकी काहीही त्या पात्याला लावू नये. मुठीतला बांबूचा खिळा सहज निघत असेल तर मूठ उतरवून नाकागोची दोन्ही बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे काढावीत आणि जाणकाराला दाखवावीत.

पत्नीच्या आक्षेपात मला उतावळेपणाविषयीची काळजी दिसते, छंदाविषयीचा राग दिसत नाही. त्यांना एका रविवारी तोकुगावा संग्रहालयात सोबत न्या आणि खरेदीचा विषय त्या दिवशी काढू नका. लिलावाची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: ही तलवार शिनसाला गेली होती का, आणि शिनसात सही नाकारली गेली तर पैसे परत द्याल का. उत्तर टाळले गेले, किंवा दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले, तर बोली लावू नका. छायाचित्रे मात्र जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी, पुष्कळ पाती पाहून झाल्यावर, तीच पुन्हा उघडून त्या पात्याचा आकार कोणत्या काळचा आहे ते स्वतः लिहून काढा.